गॅसच्या लायटरपासून गाडीच्या इंजेक्टरपर्यंत

दिवाळी अंक म्हटला की फराळ, किल्ले, आठवणीतली आजी असे विषय असतात. त्यात हा इंजेक्टर कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला आणि त्या निमित्ताने मी जे वाचत गेलो, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय ही गोष्ट जिथून सुरू होते ती वस्तू तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे: गॅस पेटवायचा लायटर.

आधी प्रसंग. माझ्याकडे एक जुनी जर्मन गाडी आहे (कंपनीचं नाव नको, बिचारीचा काही दोष नाही). एका थंडीत ती सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागली. फिफ्थ रिंग रोडवर प्रत्येक सिग्नलला हुडहुडी! शुवेखच्या एका गॅरेजमध्ये नेली. एक इंजेक्टर गेलाय म्हणाले, नवा बसवला. त्याची किंमत मी अजून घरी सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा थरथरतेच आहे. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी मागच्या गल्लीतल्या एका वयस्क मल्याळी मेकॅनिककडे गेलो. त्याने टॉर्च घेतला, इंजिनवरचं झाकण काढलं, इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला नंबर वाचला, लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "सर, नया इंजेक्टर डाला, लेकिन नंबर पुराना ही है." दोन मिनिटांत त्याने तो नंबर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरला आणि इंजिन शांत!

मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनियर, पोटापाण्याने आयटी कन्सल्टंट. आणि माझी गाडी महिनाभर बंद पडायला आली होती ती डेटा एन्ट्री राहिली म्हणून. हसावं की रडावं ते कळेना.

त्या रात्री नाशिकला बाबांना फोन केला. बाबांना का, ते सांगायला हवं. द्वारकेच्या बाजूला, मुंबई-आग्रा रस्त्यालगत बाबांचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. कांद्याचे ट्रक, द्राक्षाच्या हंगामात फवारणीचे ट्रॅक्टर, एसटीतून निवृत्त झालेल्या आणि लग्नाच्या वऱ्हाडाला लागलेल्या बस, सगळी गिऱ्हाइकं. नाशिकला हा धंदा रुजणं साहजिकच होतं. 'मायको' म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली बंगळूरला सुरू झाली आणि तिचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना नाशिकला सातपूरमध्ये आला. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून 'बॉश' झालं, पण नाशिककर त्र्यंबक रस्त्यावरच्या चौकाला अजून मायको सर्कलच म्हणतात.

लहानपणी सुट्टीत मी दुकानात बसायचो. बाबा नोझल हातपंपाच्या टेस्टरला लावायचे आणि दांडा दाबायचे. काटा चढत जायचा आणि ठरलेल्या दाबाला नोझल उघडून 'कर्रर्र' असा आवाज करत डिझेलचं बारीक धुकं सोडायचं. आवाज बरोबर आला, धुकं चारी बाजूंनी सारखं दिसलं आणि टोकाला थेंब राहिला नाही, तर नोझल पास. नाहीतर पुन्हा उघडा, घासा, शिम बदला. मला एकच सक्त ताकीद होती: त्या धुक्यासमोर हात न्यायचा नाही. इतक्या दाबाचं डिझेल सुईसारखं कातडीत शिरतं. बाबा बऱ्याचदा काट्याकडे बघायचेही नाहीत. नुसतं ऐकायचे.

तर बाबांना नंबरची हकिकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता प्रत्येक नोझलचा स्वभाव लिहून येतो म्हण की."

या एका वाक्यापायी मी पुढचे कित्येक शुक्रवार वाचनात घालवले. आता इतिहासाकडे वळू.

साल १८८०, शहर पॅरिस. पिएर क्यूरी एकवीस वर्षांचा आणि त्याचा थोरला भाऊ जाक चोवीस वर्षांचा. (पुढे मारी क्यूरींशी लग्न झालं तोच हा पिएर.) दोघं भाऊ स्फटिकांवर दाब देऊन बघत होते. त्यांना आढळलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. क्वार्ट्झ, टूर्मलिन, पुष्कराजाच्या जातीचे खडे, आणि चक्क उसाची साखर! म्हणजे आपण प्रसादाला ठेवतो त्या खडीसाखरेतही हा गुण आहे. दाबण्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून या गुणाला 'पिएझो' विद्युत असं नाव पडलं. आपला गॅसचा लायटर याच तत्त्वावर चालतो. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी एका तुकड्यावर आपटते, क्षणभर हजारो व्होल्ट निर्माण होतात आणि ठिणगी पडते. सेल नाही, वायर नाही.

पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये गाब्रिएल लिपमान या शास्त्रज्ञाने कागदावर गणित मांडून दाखवलं की उलटंही घडायला हवं: दाबल्यावर वीज येते, तर वीज दिल्यावर स्फटिकाने आकार बदलायला हवा. क्यूरी बंधूंनी त्याच वर्षी प्रयोग करून ते खरं ठरवलं. फक्त हा बदल इतका सूक्ष्म होता की त्याचा उपयोग काय, हा प्रश्नच होता.

आता गंमत बघा. त्याच १८८० साली त्याच पॅरिसमध्ये आणखी एक तरुण नोकरीला आला होता. वय बावीस, म्युनिकहून उत्तम गुणांनी इंजिनियर झालेला, आणि काम काय, तर लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यात मदत करायची. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. क्यूरी बंधूंचा स्फटिक आणि डिझेलचं इंजिन, या दोन गोष्टींची बीजं एकाच गावात होती. पण त्यांची गाठ पडायला तब्बल १२० वर्षं जावी लागली. एवढा उशीर का झाला?

पहिलं कारण डिझेलच्या बाजूचं. त्याने १८९३ मध्ये पेटंट मिळवलं आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वी झालं. या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारायचं. फवारा नीट पडला तर इंजिन चांगलं, नाहीतर काळा धूर. म्हणजे सगळा खेळ फवाऱ्याचा. डिझेलने तो फवारा मारायला दाबलेली हवा वापरली. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, त्यामुळे इंजिन अवजड. ते जहाजात, कारखान्यात चाललं, पण ट्रकमध्ये कसं बसणार? १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने डिझेलचा इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि डिझेल रस्त्यावर आलं. बाबांच्या दुकानातले पंप याच घराण्यातले. दाब वाढला की नोझलची सुई स्प्रिंगविरुद्ध आपणहून उचलली जाते, दाब उतरला की बसते. कधी उघडायचं हे सगळं लोखंडात घडवलेलं, त्यात फेरबदलाला वाव जवळजवळ नाही.

त्याचा परिणाम म्हणजे डिझेलची खडखड. इंधन हवेत गेल्यावर क्षणभर पेटत नाही, तेवढ्यात बरंच साचतं आणि मग एकदम भडकतं. यावर उपाय गृहिणींना विचारला असता तर त्यांनी लगेच सांगितला असता. फोडणी करताना आपण सगळं एकदम ओतत नाही. आधी चिमूटभर मोहरी तडतडू देतो, मग बाकीचं घालतो. तसंच आधी चिमूटभर डिझेल सोडायचं, ते पेटलं की मुख्य फवारा. इंजिन मऊ चालतं, धूर कमी होतो. पण हे करायला नोझल एका फवारणीत दोन-तीनदा उघडझाप करायला हवा, आणि तोही हुकमावर.

वेळेचा हिशेब बघा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला २५ वेळा इंधन लागतं. दर वेळी तीन तुकड्यांत द्यायचं तर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ३०० फवारे झाले! त्यातला पहिला, चिमटीतला फवारा टाचणीच्या डोक्याएवढा, एक-दोन घन मिलिमीटरचा.

यासाठी आधी 'कॉमन रेल' आली. एका जाड नळीत सतत प्रचंड दाबाने इंधन भरून ठेवायचं आणि प्रत्येक इंजेक्टरला विजेने उघडायचं. जपानमध्ये डेन्सोने १९९५ मध्ये ती ट्रकमध्ये आणली. इटलीत फियाटच्या मंडळींनी विकसित केलेली पद्धत बॉशने पुढे नेली आणि १९९७ मध्ये ती अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत आली. हे इंजेक्टर सोलेनॉइडचे. म्हणजे तारेचं वेटोळं, त्यात वीज सोडली की चुंबक तयार होतो आणि लोखंडी तुकडा ओढला जातो. चुंबक तयार व्हायला थोडा वेळ जातो, विरायलाही जातो. हा 'थोडा वेळ' म्हणजे मिलिसेकंदाचा काही भाग, पण इथे तोच महाग पडतो.

आता क्यूरींच्या स्फटिकाची आठवण होते. त्याला वीज दिली की तो जवळजवळ लगेच ताणला जातो. पण क्वार्ट्झची हालचाल फारच कमी. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्याकडून पाण्याखाली आवाजाच्या लहरी सोडून पाणबुड्या शोधण्याचं काम करून घेतलं, ढकलाढकलीचं नाही. ते करणारा पदार्थ १९५० च्या दशकात मिळाला. शिसं, झिर्कोनियम आणि टायटेनियम यांची भाजलेली सिरॅमिक, तिचं लघुनाव पीझेडटी. विजेवर ताणला जाण्याचा तिचा गुण क्वार्ट्झच्या शंभराहून अधिक पट. तरीही एका चकतीची हालचाल नगण्यच. म्हणून पापडांची चवड रचावी तसे शेकडो पातळ थर, मध्ये धातूचा मुलामा देऊन, एकत्र भाजायची कला यावी लागली. आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात ही सिरॅमिक आधी येऊन बसली होती, आणि मला पत्ता नव्हता! १९९३ पासून एप्सनच्या इंकजेट प्रिंटरमध्ये शाईचा थेंब ढकलतो तो पिएझोच. शाईचा थेंब काय, डिझेलचा थेंब काय, काम तेच. फक्त डिझेलमागे हजार-दीड हजार पट वातावरणाचा दाब असतो.

सिमेन्सने २००० साली पिएझो इंजेक्टरचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. बॉशचा २००३ मध्ये आला, तो आउडीच्या ए-८ मध्ये, १६०० बार दाबाला. २००५ मध्ये जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिला जाणारा 'जर्मन फ्यूचर प्राइझ' या कामाला मिळाला. मानकरी तिघे: बॉशचे फ्रीडरिष बोएकिंग आणि सिमेन्सचे क्लाउस एगर व हान्स माइक्सनर. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन कंपन्यांची माणसं एका व्यासपीठावर! पुढे २००६ मध्ये मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या काही पेट्रोल इंजिनांतही पिएझो आला. कुवेतमध्ये आपल्या खाजगी गाड्या बहुतेक पेट्रोलच्या, त्यामुळे तो आपल्या दारात आला तो असा.

आत काय असतं? साधारण तीन सेंटिमीटर उंचीची ती थरांची चवड. तिला शंभर ते दोनशे व्होल्ट दिले की ती वाढते किती? सुमारे ०.०४ मिलिमीटर! आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण ही वाढ दहा-हजारांश सेकंदाच्या आत होते आणि जोर भरपूर. डिझेलच्या बहुतेक इंजेक्टरमध्ये ही चिमुकली हालचाल एक छोटी झडप उघडते आणि मग इंधनाचा दाबच सुई उचलतो. कळ बोटाने दाबायची, धरणाचा दरवाजा पाण्याच्या जोरावर उघडायचा, तसं. आणखी एक अडचण म्हणजे तापल्यावर पोलाद वाढतं, सिरॅमिक फारशी वाढत नाही. ०.०४ मिलिमीटरच्या खेळात तेवढ्या फरकानेही सगळं बिघडेल. त्यासाठी आत तो फरक भरून काढणारा भाग ठेवावा लागतो. एक धोक्याची सूचना: असा इंजेक्टर चालू इंजिनवर असताना त्याचा प्लग कधीही ओढू नये. विजेचा भार आतच अडकला तर इंजेक्टर उघडाच राहतो आणि इंजिनाचा सत्यानाश होऊ शकतो.

आणि तो नंबर? कितीही नेमकेपणाने बनवले तरी दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे होत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येकाची चाचणी होते, कुठल्या दाबाला तो किती इंधन सोडतो ते मोजतात आणि सरासरीपासूनचा फरक सांकेतिक आकड्या-अक्षरांत त्याच्या डोक्यावर कोरतात. गाडीचा कॉम्प्युटर तो वाचून त्या-त्या इंजेक्टरला थोडा जास्त किंवा कमी वेळ उघडतो. बाबा कानाने ऐकून शिम बदलून जे करायचे, तेच काम. फक्त शिमच्या जागी सॉफ्टवेअर आलं.

या कहाणीतलं शेवटचं पात्र मात्र आपल्या कुवेतमधलं आहे: स्वच्छ इंधन. कुवेतच्या कच्च्या तेलात गंधक भरपूर, साधारण अडीच टक्के. गंधकामुळे धुरावरची प्रक्रिया करणारी यंत्रं बिघडतात, मग इंजेक्टर कितीही हुशार असून फायदा काय? भारतात बीएस-४ ला डिझेलमध्ये ५० पीपीएम गंधक चालत होतं, एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ते १० वर आलं. इथे मीना अल अहमदी आणि मीना अब्दुल्ला या रिफायनऱ्यांचा 'क्लीन फ्युएल्स प्रोजेक्ट' २०१४ मध्ये कंत्राटं देऊन सुरू झाला आणि २०२२ पर्यंत पूर्ण झाला. रोजची एकत्र क्षमता आठ लाख बॅरल. आपल्या मंडळातले कितीतरी जण या प्रकल्पावर राबले आहेत, उन्हाळ्यात पन्नास अंशांत! हायड्रोजन सोडून तेलातलं गंधक काढायचं, हे त्यांचं काम. त्यातही मेख अशी की त्या प्रक्रियेत डिझेलचं वंगणपण कमी होतं, आणि पंपाला तर डिझेलच वंगण. मग ते पुन्हा मिसळावं लागतं. इंजेक्टर बनवणारा स्टुटगार्टला आणि इंधन धुणारा अहमदीला, दोघं एकाच यंत्राची दोन टोकं आहेत.

म्हणजे पिएझो कायमचा जिंकला का? तसंही नाही. त्याच्या धाकाने सोलेनॉइडवाले जागे झाले. त्यांचे इंजेक्टर वेगवान झाले आणि स्वस्त तर होतेच. बीएमडब्ल्यूने २००९ मध्ये आपल्या नव्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात पुन्हा सोलेनॉइड घेतला. २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणानंतर युरोपात डिझेल मोटारींचे दिवस उतरले, आणि आता विजेच्या गाड्या आल्या, ज्यांना इंजेक्टरच नाही. १२० वर्षं वाट पाहिलेल्या कल्पनेला भरभराटीची वर्षं किती मिळाली? जेमतेम पंधरा-वीस.

हे सगळं बाबांना सांगितलं. मनात एक टोचणी होती. कॉमन रेलच्या गाड्या वाढल्या तसं बाबांचं काम आटत गेलं. नवीन टेस्टिंग मशीनला लाखो रुपये हवे होते. त्याच सुमारास माझी इंजिनियरिंगची फी भरायची होती. बाबांनी मशीन घेतलं नाही. दुकान पुढे बंदच झालं. म्हणजे ज्या कोडने त्यांचा कान निकामी केला, तो कोड लिहिणाऱ्यांच्या जमातीत मला त्यांनीच पाठवलं. इतकी वर्षं हे आम्ही कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "बाबा, मशीन घ्यायला हवं होतं असं वाटतं का?"

ते म्हणाले, "अरे, आता ते मशीनही जुनं झालं असतं. तुझी फी जुनी झाली नाही." आणि लगेच, "तो मल्याळी मेकॅनिक हुशार आहे. त्याला सोडू नकोस. कॉम्प्युटरला जोडायच्या आधी त्याने नंबर वाचला ना? म्हणजे आधी नोझलकडे बघितलं."

गेल्या सुट्टीत नाशिकला गेलो तेव्हा माळ्यावरचा तो हातपंपाचा टेस्टर खाली काढला. माझ्या सात वर्षांच्या मुलाने दांडा दाबला. मी आपोआप ओरडलो, "हात पुढे नको!" टेस्टर कोरडाच होता. बाबा हसले आणि म्हणाले, "आधी डिझेल तरी भर."

असो. या दिवाळीत पणत्या लावून झाल्या आणि फराळाची कढई चढली की लायटरचा 'टक्' आवाज जरा कान देऊन ऐका. आणि नवा इंजेक्टर बसवलात तर नंबर भरायला विसरू नका!

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.